गणपतीतली प्रश्नमंजूषा: मुंबई सिटी नेमकी किती वेळा ‘अव्वल’? २, ३ की ४?

फाटा_पाथर्डी
३१ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

मंडळी, फुटबॉलवाल्यांची मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे. मंगळवारच्या आरतीनंतर बक्षीस द्यायचंय.

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याला, विंगा चार. गणपतीत दरवर्षी प्रश्नमंजूषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कमिटीची समजूत अशी की जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, तो स्वतः चुकत नसणार. गुरुवारी-शुक्रवारी चारही विंगा एकमेकींशी खेळल्या आणि काल ए विरुद्ध सी अशी फायनल झाली. वरून पाऊस, मंडपाच्या ताडपत्रीतून नेमकी माझ्या कागदांवर गळती, शेजारच्या गल्लीत ढोलपथकाचा सराव. शेवटच्या प्रश्नाआधी दोन्ही विंगा ७०-७०.

शेवटचा प्रश्न मी असा विचारला: ‘मुंबई सिटी एफसी हा क्लब आयएसएलमध्ये आजवर किती वेळा अव्वल ठरला?’ (आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, आपल्या देशातली फुटबॉलची लीग.) दोघांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम उलटं करायचं होतं.

ए विंगचे निवृत्त बँकवाले काका: ४.
सी विंगची आठवीतली मुलगी: २.
माझ्या कार्डावर: ३.

पुढचा अर्धा तास मंडपात काय झालं ते सांगत नाही. काकांचं म्हणणं, दोन कप आणि दोन शील्ड, खात्यावर चार नोंदी जमा आहेत, चारच होतात. मुलगी म्हणाली, “काका, चॅम्पियन कप जिंकणाऱ्याला म्हणतात, शील्ड वेगळी असते.” आणि मी? खरं सांगायचं तर मी फुटबॉल बघत नाही. फोनवर एकेका वर्षाचा गुणतक्ता उघडला, मुंबई वरच्या ओळीत कधी कधी आहे ते मोजलं (२०१६, २०२०-२१, २०२२-२३) आणि ३ लिहून मोकळा झालो.

पहिलं बक्षीस मिक्सर आहे, दुसरं पाण्याच्या बाटल्या. त्यामुळे ‘खेळीमेळीत घ्या’ म्हणून भागत नाहीये. कोण बरोबर? आणि तक्त्यात पहिला आलेला संघ जिंकलेला नसतो, हे काय प्रकरण आहे?


ऑफसाइड
३१ ऑगस्ट २०२५, रात्री ११:५८

२. मुलगी बरोबर. मिक्सर सी विंगला द्या आणि झोपा.

कारण सांगतो. आयएसएलमध्ये आधी साखळी असते. ती संपली की वरचे संघ बादफेरीत जातात आणि शेवटी फायनल. फायनल जिंकेल तो ‘चॅम्पियन’. मुंबईने फायनल दोनदाच जिंकली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये (कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला होता) एटीके मोहन बागानवर २-१. बिपिन सिंगचा गोल नव्वदाव्या मिनिटाला. पेनल्टीपर्यंत जाणार म्हणून मी चहा टाकायला उठलो होतो, तो गोल हुकला. आणि दुसऱ्यांदा ४ मे २०२४, थेट कोलकात्यात सॉल्ट लेकवर, बागानच्याच अंगणात ३-१.

साखळीत पहिला येणाऱ्याला लीग विनर्स शील्ड मिळते. त्याही मुंबईकडे दोन आहेत, २०२०-२१ आणि २०२२-२३. पण त्याला शील्ड जिंकली म्हणतात.

अवांतर: २०२०-२१ ची शील्ड कशी आली ते वाचा, तुमच्या प्रश्नमंजूषेपेक्षा भारी आहे. शेवटच्या साखळी सामन्याआधी बागान ४० गुणांवर, मुंबई ३७ वर, आणि तो सामना नेमका त्यांच्यातच. बागानला बरोबरीही पुरली असती. बांबोळीला मुंबईने २-० ने मारलं, गोल फॉल आणि ओग्बेचे या दोघांचे. दोघांचे ४०-४०. आपल्याकडे गुण सारखे झाले की आधी आमनेसामनेचा हिशेब पाहतात. जानेवारीतही मुंबईने बागानला १-० हरवलं होतं. विषय संपला.


सातपूरची
१ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:१५

यात एवढं भांडण्यासारखं काय आहे? आयपीएलमध्येही असंच असतं की. २०२३ ला गुजरात टेबलात पहिला होता, ट्रॉफी चेन्नईने नेली. गुजरात जिंकला असं कोणी म्हणतं का? मुलीला मिक्सर देऊन टाका. आठवीतली पोर मायक्रोफोनसमोर काकांना ‘नाही’ म्हणाली, त्याचेच पाच मार्क वेगळे द्यायला हवेत.

(आज गौरींचं जेवण आहे, सोळा भाज्या चिरायच्यात, त्यामुळे वादात उतरणार नाही.)


ऑफसाइड
१ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:०२

ताई, निकालाशी सहमत, पण आयपीएलचं उदाहरण पूर्ण बसत नाही. आयपीएलमध्ये टेबल टॉपरला वेगळी ट्रॉफी नसते. इथे शील्ड आहे आणि तिला वजन आहे. २०१९-२० पासून आशियाच्या चॅम्पियन्स लीगचा रस्ता शील्डवरून जाऊ लागला. गोवा पहिला गेला. मग मुंबई. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. मुंबई तिथे गेली ती फायनल जिंकली म्हणून नाही, साखळीत पहिली आली म्हणून.

आणि युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये तर विजेता ठरवायला प्लेऑफ वगैरे नसतंच. तक्ता हाच निकाल. २०११-१२ ला मँचेस्टरचे दोन्ही क्लब ८९-८९ गुणांवर होते. तिथे आधी गोलफरक बघतात, सिटीचा +६४, युनायटेडचा +५६. लीग सिटीची. त्याच सिटीवाल्यांनी २०१९ च्या नोव्हेंबरात मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला.

तरी उत्तर २ च.


जेलरोडकर
१ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:३०

ऑफसाइडने आकडे चोख दिलेत, त्यात मला काही घालायचं नाही. पण २ बरोबर आणि ३ चूक असं इतक्या झटक्यात म्हणू नका. त्या तिनांतला पहिला मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

१३ डिसेंबर २०१६, मंगळवार. मला प्रेसमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. जेलरोडला राहणाऱ्याला ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: नाशिकरोडची, नोटांची. छत्तीस वर्षं नोटांच्या संगतीत गेली आणि त्या दिवशी माझ्याकडे सुट्टे नव्हते. नोटबंदीला महिना उलटलेला. खिशात दोन हजाराची एकच गुलाबी नोट आणि बरोबर तिकिटापुरते सुट्टे. सकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये चहावाल्याने ती नोट उजेडात धरली, उलटसुलट पाहिली, परत दिली आणि म्हणाला, “राहू द्या काका, पुढच्या वेळी द्या.” पुढच्या वेळी तो दिसलाच नाही. त्याचं देणं अजून आहे.

भाच्याने अंधेरीच्या सामन्याचं तिकीट काढून ठेवलं होतं. मुंबईचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच साखळीत पहिला आला होता. आधीची दोन वर्षं आठ संघांत सातवा आणि सहावा. पहिल्या वर्षी अनेल्का होता, ल्युंगबर्ग होता, नावं मोठी आणि घर रिकामं. दुसऱ्या वर्षी गोव्यात ७-० ने मार खाल्ला. आणि २०१६ ला फोर्लान आला, गिमारायस प्रशिक्षक आले, संघ डी. वाय. पाटीलवरून अंधेरीला आला आणि एकदम पहिला. पेपरातला तक्ता मी कापून पाकिटात ठेवला होता: मुंबई २३, केरळ २२, दिल्ली २१, कोलकाता २०. जिन्याच्या पायऱ्यांसारखा, एकेक गुण खाली. १४ सामने खेळून पहिल्यात आणि चौथ्यात अंतर ३ गुणांचं, म्हणजे एका विजयाचं.

पण त्या वेळी पहिल्याला चौथ्याशी पुन्हा दोन सामने खेळावे लागायचे, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज. कोलकात्यातला सामना आपण ३-२ हरलो होतो, वर फोर्लान लाल कार्ड घेऊन बसला. म्हणजे अंधेरीला फोर्लान नाही. तरी मला वाटत होतं की एकच गोल तर भरून काढायचाय. मध्यंतराच्या थोडं आधी कोलकात्याचा एक खेळाडू बाहेर गेला. दहा जण उरले. माझ्या मागच्या रांगेतला एक गुजराती गृहस्थ पेढे वाटायच्या बेतात होता. आणि मग उरलेला सगळा वेळ आपले अकरा जण त्या दहा जणांच्या भिंतीवर चेंडू आपटत राहिले. ०-०. चौथा फायनलला, पहिला घरी.

तोच कोलकाता पाच दिवसांनी कोचीत केरळला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन झाला.

मुंबईला काय मिळालं? काहीच नाही. तुम्ही सगळे शील्ड-शील्ड म्हणताय, ती तेव्हा नव्हतीच. २०१९-२० ला ती सुरू झाली आणि पहिली गोव्याने नेली. म्हणजे बँकवाल्या साहेबांच्या खात्यात २०१६ ची नोंद नाही, त्या मुलीच्या हिशेबात नाही, ऑफसाइडच्या हिशेबात नाही. एकट्या फाटा_पाथर्डीच्या कार्डावर आहे, तीही त्याला फुटबॉल कळत नाही म्हणून.

परत येतानाचं सांगतो. आझाद नगरहून मेट्रोने घाटकोपर, तिथून कसारा लोकल. कसाऱ्याला मध्यरात्र झाली होती. नाशिकची टॅक्सी भरायला एक माणूस कमी होता म्हणून ड्रायव्हर अर्धा तास थांबला. घाटात त्याने विचारलं, “काका, एवढ्या रात्री कुठून?” म्हटलं, मॅच बघून. “कोण जिंकलं?” म्हटलं, कोणीच नाही, पण आपण हरलो. त्याला काही कळेना. मग मी पाकिटातला तक्ता काढून दाखवला. त्याने आतला दिवा लावून एका हाताने गाडी चालवत तो पाहिला (मागच्या सीटवरच्या बाईंनी रामनाम सुरू केलं) आणि म्हणाला, “मग हा पहिला नंबर कशाचा?”

द्वारकेला बाकीचे उतरले. माझी दोन हजाराची नोट त्याच्याकडे मोडेना. बिचारा मला जेलरोडपर्यंत घेऊन आला. बायकोने झोपेतच उठून डाळीच्या डब्यातून शंभराच्या नोटा काढल्या आणि त्याचे भाडे दिले. ते पैसे तिने माझ्यापासूनही लपवले होते, हे मला त्या रात्री कळलं.

आता त्या काकांबद्दल. ते माझ्या पिढीचे असणार. आमच्या तरुणपणी देशात राष्ट्रीय लीगच नव्हती, ती १९९६ ला सुरू झाली. तोवर फुटबॉल म्हणजे कप आणि करंडक. रोव्हर्स, ड्युरँड, फेडरेशन कप, आयएफए शील्ड. मी ऐंशीच्या दशकात रोव्हर्सचे सामने बघायला कूपरेजला जायचो. तिकडे १८९१ पासूनची स्पर्धा आणि आम्ही लाकडी फळीवर बसून डबा खायचो. कोण मोठा संघ, हे कपाटात काय काय आहे त्यावर ठरायचं. आणि गंमत पाहा, आमच्या वेळची ‘शील्ड’ म्हणजे आयएफए शील्ड, जी १९११ ला मोहन बागानने गोऱ्यांच्या पलटणीला हरवून मिळवली, ती बादफेरीची स्पर्धा! आज शील्ड साखळीची आणि कप बादफेरीचा. काकांनी दोन्ही एका रकान्यात धरले यात नवल नाही. आमच्यासाठी दोन्ही कपाटातच ठेवायच्या वस्तू.

पुढे ती राष्ट्रीय लीग आली आणि तिचं विजेतेपद महाराष्ट्रात एकदाच आलं, २००५-०६ ला महिंद्रा युनायटेडकडे. बारेटो होता त्यांच्याकडे तेव्हा. तक्त्यात पहिले आले आणि विषय संपला, कोणी म्हणालं नाही की आता चौथ्याशी खेळून दाखवा. चार वर्षांनी, २०१० ला, कंपनीने संघच बंद केला. म्हणून मुंबई सिटीचं कौतुक करताना मी जरा हात राखून करतो. आमच्याकडचे क्लब तक्त्यात खाली घसरून मरत नाहीत, वर असतानाच एक दिवस कुलूप लागतं.

ती मुलगी फायनली बघत मोठी झाली, ती फायनली मोजते. काकांना कपाट दिसतं. आणि तू, फाटा_पाथर्डी, फोनवर तक्ते मोजलेस. क्वालिटीचा माणूस ना तू? मग ड्रॉइंग न बघता गेज कसं लावलंस? ‘अव्वल’ हे माप कुठल्या ड्रॉइंगवर आहे?


औंधातून
१ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ६:४५

काका, लिहिलंय झकास. पण ‘आमच्याकडचे क्लब’ म्हणताना पुण्याला विसरलात. एफसी पुणे सिटी आठवतो का कोणाला? बालेवाडीला घर. २०१४ ला नवी मुंबईत मुंबईकडून ५-० खाल्ले, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, लीगमधली पहिलीच. तेवढंच लोकांच्या लक्षात. पाच मोसमांत फक्त एकदा, २०१७-१८ ला, आम्ही बादफेरीत पोचलो. २०१९ ला क्लब बंद, जागा हैदराबादला गेली आणि हैदराबादने तिसऱ्याच मोसमात कप जिंकला. हे म्हणजे आपण सोडलेल्या फ्लॅटमध्ये नवा भाडेकरू आला आणि त्याला लॉटरी लागली.

त्यातून बालेवाडीला २०२३ ला आशियाई सामने झाले ते मुंबईच्या नावाने! पहिला होता इराणच्या नस्साजीशी, ०-२. मी तोंड पाडून मुंबईला पाठिंबा द्यायला गेलो होतो. घरी कोणाला सांगितलं नाही.


फाटा_पाथर्डी
१ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२०

जेलरोडकर काका, गेजचं लागलं. आमच्याकडे ऑडिटर असंच बोलतो.

तुमचा प्रतिसाद मी संध्याकाळी मंडपात वाचून दाखवला. ए विंगचे काका कूपरेजपर्यंत शांत ऐकत होते, मग म्हणाले, “या गृहस्थांना विचारा, ते कुठल्या साली जायचे, मी फोर्टच्या शाखेत होतो तेव्हा.” म्हणजे तुमचा अंदाज बरोबर. पण ४ वरून हलायला तयार नाहीत. मुलीने २०१६ चं ऐकलं आणि म्हणाली, “मग ती पहिली येऊन काहीच मिळालं नाही? हे चीटिंग आहे.” पण तीही २ वरून हलली नाही.

दुसरा प्रश्न मला आता पडलाय. शील्ड आणि कप दोन्ही एकाच मोसमात मुंबईने एकदाच जिंकले ना? मग २०२२-२३ ला पहिली असूनही कप का गेला, आणि २०२३-२४ ला पहिली नसताना कप कसा आला?


ऑफसाइड
१ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५५

हो, दोन्ही एकत्र फक्त २०२०-२१ ला. तोवर कोणालाच जमलं नव्हतं.

२०२२-२३ चा संघ माझ्या मते या क्लबचा सर्वात चांगला संघ, आणि त्यालाच कप नाही. डेस बकिंगहॅम प्रशिक्षक. पहिले १८ सामने हरलेच नाहीत. फेब्रुवारीत गोव्यात ५-३ जिंकून दोन सामने बाकी असतानाच शील्ड नक्की केली. शेवटी २० सामन्यांत ४६ गुण. शील्ड हातात आल्यावर उरलेले दोन्ही सामने हरले, तिथेच मला शंका आली होती. उपांत्य फेरीत बेंगळुरू. अंधेरीला ०-१, छेत्रीचा गोल. (तोच छेत्री २०१५ ला मुंबईकडून खेळताना आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय ठरला होता.) तिकडे जाऊन २-१ जिंकले, एकूण २-२, आणि पेनल्टी ८-९. सतरा पेनल्ट्या गोल झाल्या आणि आपली एक गुरप्रीतने अडवली, तेवढ्यावर गेलं. जेलरोडकर काका, तुमचा दहा जणांचा सामना जसा तुम्हाला, तसा हा मला.

पुढच्या मोसमात नेमकं उलट. बकिंगहॅम नोव्हेंबरात इंग्लंडला निघून गेले, पीटर क्रॅटकी आले. शेवटच्या साखळी सामन्याआधी मुंबई ४७, बागान ४५. २०२१ चंच चित्र, फक्त बाजू बदललेल्या. आता मुंबईला बरोबरी पुरली असती. १५ एप्रिल २०२४, सॉल्ट लेक, साठ हजारांवर लोक. २-१ हरलो. ४८-४७. शील्ड एका गुणाने बागानला.

मग उपांत्य फेरीत गोव्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे. मी टीव्ही बंद केला. खरंच बंद केला. नंतर फोन वाजायला लागले म्हणून लावला तर ३-२ जिंकलेले. छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे, तिन्ही गोल त्या शेवटच्या काही मिनिटांत. आणि मग ज्या मैदानावर शील्ड गेली त्याच मैदानावर एकोणीस दिवसांनी कप.

गेल्या, म्हणजे २०२४-२५ च्या मोसमाचं विचारू नका. २४ सामन्यांत ३६ गुण, सहावा क्रमांक. त्या मोसमात वरचे सहा बादफेरीत गेले, पहिले दोन थेट उपांत्य फेरीत आणि बाकी चौघांना आधी एकेक सामना. सहावे म्हणून कसेबसे शिरलो आणि बेंगळुरूने ५-० घालवलं. बागानने ५६ गुण करून शील्डही नेली, कपही नेला. आणि नवा मोसम तर जुलैपासून लटकलेलाच आहे, संघांना तारीखच नाही. या वर्षी तक्त्यात सगळे ० वर, सगळेच पहिले.


सातपूरची
२ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:१०

सतरा पेनल्ट्या वाचून पोटात गोळा आला.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. मिक्सर कोणाला? आज मंगळवार.


जेलरोडकर
२ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:४०

प्रश्न बाद कर. ‘अव्वल’ या शब्दाला तीन अर्थ निघतात आणि तिघांनी तीन घेतले. चूक विचारणाऱ्याची. प्रश्न बाद झाला की दोघे ७०-७०.

आता बरोबरी कशी सोडवायची? ऑफसाइडने परवाच सांगितलंय, गुण सारखे तर आधी आमनेसामने. तूच लिहिलंयस की गुरुवारी-शुक्रवारी चारही विंगा एकमेकींशी खेळल्या. म्हणजे ए आणि सी आधी भेटलेल्या आहेत. त्या दिवशी काय झालं?


फाटा_पाथर्डी
२ सप्टेंबर २०२५, दुपारी १:०५

सी जिंकली होती. ५५-४५. वही ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, आत्ता बघितलं.


जेलरोडकर
२ सप्टेंबर २०२५, दुपारी १:२०

मग बांबोळी झाली तुमची.


फाटा_पाथर्डी
२ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१५

निकाल कळवतो.

आरतीनंतर माईकवर जाहीर केलं की प्रश्न चुकीचा होता, जबाबदारी माझी, प्रश्न रद्द. मग आमनेसामनेचा नियम सांगितला. काका लगेच उठले: “हा नियम आधी बोर्डावर लावला होता का?” नव्हता लावला. “मग गोलफरक का नाही? एकूण मार्कांची बेरीज करा.” इथे मला घाम फुटला, कारण बेरीज मी केलीच नव्हती. मंडपातच वही उघडली. तीन सामन्यांची बेरीज: सी १६५, ए १६०. काकांनी चष्मा लावून आकडे स्वतः दोनदा मिळवले (बँकेतले आहेत) आणि खाली बसले.

मिक्सर सी विंगला गेला. मुलीच्या आईने तो घेतला. मुलगी म्हणाली मिक्सर मला कशाला, बाटली हवी होती, प्रॅक्टिसला लागते. मग काकांनी आपल्या वाट्याची बाटली तिला दिली आणि विचारलं, कुठल्या जागेवर खेळतेस? ती म्हणाली, डावा बॅक. काका म्हणाले, कूपरेजला मी त्याच बाजूला बसायचो.

जेलरोडकर काका, त्यांनी तुमचा नंबर मागितलाय. इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. म्हणतात, पंचवटीने एकत्र जाऊ एकदा. मी सांगितलं, यंदा सामन्यांचाच पत्ता नाही.


जेलरोडकर
३ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:५०

निरोप केलाय. त्यांना सांग, जाताना पंचवटी ठीक आहे, येताना ती संध्याकाळी सव्वासहालाच सुटते, सामना तेव्हा सुरूही झालेला नसतो. घाटकोपर-कसाराच करावं लागेल. आणि सुट्टे घेऊन ये म्हणावं.